परसबाग, खुराडे आणि घर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : कोरेगाव तालुक्यात आमच्या घरामागे तीन गुंठ्यांचे परडे आहे. त्यात मी मेथी, वांगी, घेवडा आणि काही वेलभाज्या लावते. सासूबाईंच्या पंधरा गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात आणि नवी रोपे उकरून टाकतात. कोंडल्या तर त्या आजारी पडतील, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. यावरून घरात रोज कुरबुर होते. मार्ग सुचवावा. – एक वाचक भगिनी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि सासूबाईंचे म्हणणेही निराधार नाही. दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात आणि खुराड्यात ओल राहिली की पिलांना रक्ती हगवण लागते. दुसरीकडे, माती उकरून किडे, अळ्या आणि गांडुळे शोधणे हा कोंबडीचा स्वभावच असल्याने, नुकतेच पाणी दिलेला भुसभुशीत वाफा समोर असताना केवळ हाकलून ती थांबणार नाही. तेव्हा कोंबड्या कुठे आणि कोणत्या महिन्यात सोडायच्या, हे घरातल्या सर्वांनी एकदा बसून ठरवावे, असे मला वाटते.

शेवगा, पपई, केळी, कढीपत्ता अशी वाढलेली झाडे ज्या भागात आहेत, तो कोंबड्यांना वर्षभर मोकळा ठेवावा. त्या झाडांना उकरण्याचा फारसा त्रास होत नाही आणि कोंबड्यांना सावली मिळते. भाजीच्या वाफ्यांना मात्र पाच फूट उंचीची जाळी लावून तिची खालची कड वीतभर मातीत पुरावी. गावठी कोंबडी अंगाने हलकी असल्याने चांगली उडते. तरीही जी जाळी ओलांडेल, तिच्या एकाच पंखाची लांब पिसे कात्रीने कापावीत, म्हणजे तिचा तोल जातो आणि उंच उडता येत नाही. पूर्ण वाढलेले पीस कापताना कोंबडीला वेदना होत नाहीत, पण रक्त असलेले कोवळे पीस कापू नये. जाळी येईपर्यंत नव्या रोपांभोवती बोरी-बाभळीच्या फांद्या अंथरण्याची जुनी रीत पुरेशी आहे.

उन्हाळी भाजी निघाली की मे महिन्यात वाफे खणून कोंबड्यांना मुद्दाम आत सोडावे. आपल्या भागात उसाचे आणि भुईमुगाचे मोठे नुकसान करणाऱ्या हुमणीचे भुंगेरे त्या सुमारास जमिनीतच दडलेले असतात आणि खणलेल्या मातीतून कोंबड्या ते वेचून खातात. वळवाचा पाऊस पडल्यावर हेच भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बोर आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करून कोंबड्यांना घालण्याचे काम मुले आनंदाने करतात. फक्त त्या झाडांवर कीटकनाशक मारलेले नसावे. भाजीवर औषध फवारले असल्यास त्या वाफ्याकडे कोंबड्यांना फिरकू देऊ नये.

खताबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी पुष्कळ घरांत घाई होते. कोंबडीची ताजी विष्ठा उष्ण असते आणि तिच्यातील अमोनियामुळे कोवळी मुळे करपतात. शिवाय अर्धवट कुजलेल्या खतात हुमणीची मादी अंडी घालते, म्हणजे एका हाताने वेचलेली कीड आपण दुसऱ्या हाताने वाफ्यात नेतो. विष्ठेत उसाचे पाचट आणि वाळका पाला भरपूर मिसळून ढीग लावावा, तो ओलसर ठेवावा, अधूनमधून खालीवर करावा आणि वास पूर्ण गेल्यावर, साधारण तीन-चार महिन्यांनी, वापरावा. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात आणि कच्ची खाल्ली जाणारी मेथी यांना ताजी विष्ठा कधीही घालू नये. तिच्यातील जंतूंमुळे पोटाचे आजार होतात.

आणखी एक गोष्ट, जी मला जाळीइतकीच महत्त्वाची वाटते. खुराड्याची जागा, कोणती कोंबडी अंड्यांवर बसवायची आणि कोणती विकायची हे निर्णय सासूबाईंकडेच राहू द्यावेत आणि अंड्यांचे पैसेही त्यांच्याच हाती असावेत. परड्यातला त्यांचा अधिकार शाबूत आहे असे दिसले, तर जाळीला त्यांचा विरोध राहील असे मला वाटत नाही.

प्रश्न : दिवाळीपासून आमच्या कोंबड्यांनी अंडी देणे जवळजवळ थांबवले आहे. खाणे व्यवस्थित आहे. काही आजार असेल का? – एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : कोंबड्या चपळ असतील आणि तुरे लाल असतील, तर आजाराची शक्यता कमी आहे. अंड्यांचे चक्र दिवसाच्या उजेडावर चालते. भरपूर अंड्यांसाठी सुमारे चौदा तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. याच काळात पुष्कळ कोंबड्यांची जुनी पिसे गळून नवी येतात आणि शरीराची प्रथिने तिकडे खर्च होतात. पहाटे खुराड्यात दिवा लावून उजेड वाढवता येतो, परंतु घरगुती कोंबड्यांना ही विश्रांती मिळू द्यावी, असे माझे मत आहे.

‘खाणे व्यवस्थित’ म्हणजे काय, हे मात्र तपासावे. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते. केवळ मका किंवा ज्वारी घातल्यास पोट भरते, पण प्रथिने आणि चुना कमी पडतो. धान्याच्या जोडीला पेंड आणि शिंपल्यांचा चुरा द्यावा. शेंगदाण्याची पेंड किंवा मका बुरशी लागलेला असेल, तर तो कितीही थोडा असला तरी टाकून द्यावा. त्या बुरशीचे विष यकृतावर परिणाम करते आणि पेंड धुऊन किंवा वाळवून ते जात नाही.

आपले घर उसाला लागून असल्यास कोंबड्या फडात अंडी घालत नाहीत ना, हेही पाहावे. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी देत असल्याने त्यांना काही दिवस दहा-अकरा वाजेपर्यंत खुराड्यातच ठेवले की उलगडा होईल.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीने खुडूक कोंबडीखालची पिले स्वतः सांभाळली आणि प्रत्येकाला नाव दिले. आता चार कोंबडे मोठे झाले आहेत. गावच्या यात्रेला त्यांतला एक कापायचा, असे तिचे आजोबा म्हणतात आणि मुलगी जेवत नाही. काय करावे? – एक आई, तासगाव तालुका

उत्तर : कोंबडा पळून गेला किंवा मुंगसाने नेला, असे तिला कृपया सांगू नका. मुलांना खरे कळते आणि मग आपल्या इतर शब्दांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, जास्त झाले तर ते एकमेकांना जखमी करतात आणि म्हणून वाढीव कोंबडे विकावे किंवा खावे लागतात, हे तिला आजोबांनीच शांतपणे सांगावे. त्याच वेळी तिचा सर्वांत लाडका कोंबडा कळपासाठी राखून ठेवावा. कळपाला एक तरी कोंबडा हवाच असतो. यात्रेसाठीचा कोंबडा यंदा बाहेरून आणणे मला अधिक योग्य वाटते. उरलेल्या कोंबड्यांपैकी एखादा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांशी अदलाबदल केल्यास पुढच्या पिलांत रक्ताचे जवळचे नाते राहत नाही. यापुढे खाण्यासाठीची पिले वेगळी वाढवावीत आणि त्यांचा हेतू तिला पहिल्या दिवसापासून माहीत असावा.

प्रश्न : दहा-बारा पिलांसाठी मानमोडीची लस घ्यावी का? – एक वाचक, माण तालुका

उत्तर : अवश्य घ्यावी. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, आली की लस न टोचलेला कळप पाहता पाहता संपतो आणि त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात आणि पिले सहा ते आठ आठवड्यांची झाली की आरटूबी लस टोचतात. अडचण अशी की लसीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे वस्तीवरील चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा, कुपी बर्फात ठेवून आणावी आणि उन्हे चढण्यापूर्वी काम उरकावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याची माहिती मिळते. आपल्या जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्या उघड्यावर किंवा ओढ्यात न टाकता प्रथम दवाखान्यास कळवावे.