गाडी कुठवर आली? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (भिवंडी) : ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या एक्सेलवरून गाड्यांचा माग ठेवणारं वेबपान बनवून घेतलं. कॉम्प्युटरवर ठीक चालतं, मोबाइलवर मात्र १८ रकाने आडवे सरकवावे लागतात. गोदामातले लोक ते उघडतच नाहीत, व्हॉट्सॲपवर विचारत बसतात. काय बदलावं?

उत्तर : अक्षर बारीक करून हे सुटणार नाही. ऑफिसातल्या माणसाला तक्ता लागतो, कारण तो एका वेळी वीस गाड्यांवरून नजर फिरवतो. गोदामातला माणूस एकाच गाडीसाठी फोन खिशातून काढतो. त्यामुळे अरुंद स्क्रीनवर तक्ता काढून टाका आणि प्रत्येक खेपेचं एक कार्ड करा. मांडणी आधी ३६० पिक्सेल रुंदीवर बसवा, मग मोठ्या स्क्रीनसाठी वाढवत न्या. उलट्या क्रमाने गेलात की पुन्हा १८ रकाने कोंबले जातात.

कार्डावर गाडी नंबर, पार्टी, कुठून-कुठे, सध्याची स्थिती आणि ती किती वाजता नोंदली, एवढंच पुरे. बिल्टी (माल पाठवल्याची पावती) नंबर, नग, वजन, भाडं हे कार्ड उघडल्यावर दिसू दे. आणि हे रकाने नुसते लपवू नका. लपवलेला मजकूरही डाउनलोड होतोच, मग यार्डातल्या रडतखडत नेटवर्कवर पान उघडायला वेळ लागतो. मोबाइलला मोजकीच माहिती पाठवा.

स्थितीची नावं तुमच्या लोकांच्या तोंडातली ठेवा : भरली, सुटली, पोचली, खाली झाली (माल उतरला), पोच मिळाली (माल मिळाल्याची सही आली). ‘इन ट्रान्झिट’, ‘डिलिव्हर्ड’ असे दोनच टप्पे ठेवले तर ‘पोचली’ आणि ‘खाली झाली’ यांतला वेळ हरवतो. पार्टीच्या दारात गाडी दोन दिवस उभी राहिली, तर डिटेन्शन (गाडी खोळंबल्याची भरपाई) मागायला हातात तोच वेळ असतो.

शोधायची चौकट सगळ्यात वर हवी, आणि ती गाडी नंबरच्या शेवटच्या ४ आकड्यांवर चालायला हवी. तोंडी विचारताना पूर्ण नंबर कोण सांगतो? दोन गाड्या जुळल्या तर दोन्ही कार्डं दाखवा, पार्टीच्या नावावरून माणूस ओळखतो. चौकटीला आकड्यांचा कीबोर्ड उघडू द्या. तिच्यातलं अक्षर १६ पिक्सेलांपेक्षा लहान ठेवलंत तर आयफोन पान आपोआप मोठं करतो आणि मांडणी विस्कटते. बटणं निदान ४८ पिक्सेल उंच असावीत, कारण एका हातात कागद आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने काम, असाच प्रकार असतो. भर उन्हात काळ्या पार्श्वभूमीवरची करडी अक्षरं वाचता येत नाहीत. पांढऱ्यावर काळं ठेवा. रंगासोबत शब्दही लिहा, नुसत्या लाल-हिरव्या ठिपक्यांवर विसंबू नका.

यादीचा क्रम तारखेने लावण्याची सवय मोडा. ज्या गाडीसाठी आत्ता कुणाला तरी फोन करायला हवा ती वर. यात ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र, पहिलं. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला १ दिवस मुदत मिळते आणि ती मध्यरात्री संपते. वाढवून घ्यायची खिडकी संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास, म्हणजे दुपारी ४ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८. तेव्हा आज मुदत संपणाऱ्या पण खाली न झालेल्या गाड्या दुपारी ४ वाजता यादीच्या डोक्यावर आल्या पाहिजेत. रात्री ११ला इशारा देऊन काय उपयोग? ऑफिस तेव्हा बंद असतं.

प्रश्न (उरण) : कंटेनर नंबर टाकताना चुका होतात आणि भलत्याच पेटीचा माग लागतो. उपाय?

उत्तर : नंबरात ४ अक्षरं आणि ७ आकडे असतात, शेवटचा आकडा तपासणीसाठीच असतो. तो सर्व्हरकडे न जाता फोनवरच पडताळा. अक्षरांना १० पासून किमती देतात, पण ११, २२, ३३ गाळून : ए १०, बी १२, सी १३ असं करत झेड ३८. पहिल्या दहा स्थानांच्या किमतींना अनुक्रमे १, २, ४, ८ असं ५१२ पर्यंत गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, उरलेली बाकी म्हणजे तपासणीचा आकडा. बाकी १० आली तर ०. सीएसक्यूयू ३०५४३८ ची बेरीज ६१८५ येते, बाकी ३, म्हणून पूर्ण नंबर सीएसक्यूयू ३०५४३८३. एक आकडा चुकला की हे बहुतेक वेळा लगेच पकडतं. मात्र दुसऱ्याच खऱ्या पेटीचा नंबर टाकला, तर तो बरोबरच ठरणार. त्यासाठी नंबर टाकताच बुकिंगचं नाव शेजारी दाखवा.

प्रश्न (नाशिक) : घाटात गाडी नकाशावर गोठते, मग एकदम पुढे उडी मारते. पार्टी भांडते.

उत्तर : रेंज गेली की बरीच जीपीएस यंत्रं नोंदी साठवतात आणि रेंज आल्यावर एकदम सोडतात. तुमचं टूल नोंद ‘आली केव्हा’ ते लावत असेल तर जुनी जागा नव्यावर चढते. नोंद ‘झाली केव्हा’ यावर क्रम लावा. यंत्राची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर दाखवताना साडेपाच तास मिळवा. ठिपक्याखाली ‘१:४० वाजता इथे होती’ असं लिहा. अर्ध्या तासाहून जुनी नोंद फिकट करा. गोदामातल्या नोंदींनाही हाच नियम लावा : रेंज नसताना फोनवर साठवा आणि ‘पाठवायची बाकी : ३’ असं ठळक दिसू द्या, नाहीतर माणूस तेच बटण चारदा दाबतो. प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक दिला, तर तरीही दोनदा आलेली नोंद सर्व्हर एकदाच धरतो.