हेपॅटायटिस सीच्या गोळ्यांआधी बीची तपासणी कशासाठी?

तुम्ही विचारलंय, वडिलांना हेपॅटायटिस सी निघालाय, मग डॉक्टरांनी गोळ्यांआधी बीची तपासणी का लिहिली, उगाच खर्च तर नाही ना? दादा, ती चिठ्ठी बाजूला ठेवू नका. आमच्या घरी नेमकी हीच तपासणी राहून गेली होती.

आईला १९९४ मध्ये ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं. दात्याच्या रक्ताची सीसाठी तपासणी आपल्याकडे २००१ मध्ये सक्तीची झाली, त्यामुळे आजार बहुधा तिथूनच आला. नागपुरातल्याच एका दवाखान्यात सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या सीच्या गोळ्या सुरू झाल्या, १२ आठवड्यांसाठी. महिन्याभरात एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं आणि आम्ही निर्धास्त झालो. सहाव्या आठवड्यात आई अंगणात उन्हात बसून मेथी निवडत होती. मी हाक मारली, तिनं वर पाहिलं, तर डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. लघवी दोन दिवसांपासून कोऱ्या चहासारखी होत होती, पण ती बोलली नव्हती. एसजीपीटी आठशेच्या वर गेलेलं. तेव्हा कुठे बी तपासला, आणि तो निघाला.

दोन्ही विषाणू एकाच लिव्हरमध्ये असले की बहुतेक वेळा सी बीला दाबून ठेवतो. या गोळ्या मारतात फक्त सीला. तो हटला की दबलेला बी उसळतो. जुनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं बीवरही थोडीफार चालायची, या गोळ्या त्याला हातही लावत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, ऑक्टोबर २०१६ मध्ये या औषधांवर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यांच्यासमोर तेव्हा असा बी उसळलेले २४ रुग्ण होते. दोघं दगावले, एकाचं लिव्हर बदलावं लागलं.

तपासणीत एचबीएसएजीसोबत (बी आत्ता शरीरात आहे का ते यात कळतं) अँटी-एचबीसी 'टोटल' (बी कधीतरी होऊन गेलाय का ते) करा, नुसतं आयजीएम (ताज्या संसर्गाची तपासणी) नको. जुना संसर्ग टोटलमध्येच कळतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टर बहुधा सीच्या गोळ्यांसोबतच बीचीही गोळी देतील आणि कोर्स संपल्यावर निदान १२ आठवडे चालू ठेवतील. फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर घाबरू नका. त्यात बी उसळणं क्वचितच होतं, पण मधूनमधून एसजीपीटी पाहावं लागतं. सगळंच निगेटिव्ह आलं तर बीची लस टोचून घ्या. सीला लस नाही, बीला आहे.

खर्चाचीच अडचण असेल तर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जाऊन राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस कार्यक्रमाची चौकशी करा. २०१८ पासून त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आणि एक कळकळीनं सांगतो, सीच्या गोळ्या लांबणीवर टाकू नका. आईचा सी पूर्ण बरा झाला. बीची गोळी एन्टेकॅव्हिर मात्र ती अजून रोज रात्री जेवणानंतर दोन तासांनी घेते, आणि मी रोज सकाळी उजेडात तिचे डोळे बघतो.