दुसरं बीपी मशीन घेण्याआधी माझं ऐका, भाऊ

बुटीबोरीवाले भाऊ, तुमची पोस्ट वाचताना वाटलं, हे आपणच कधी लिहिलं होतं की काय. छातीत धडधड, रात्री तीनला टक्क जाग, ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, डॉक्टर म्हणतात "टेन्शन घेऊ नका", आणि घरचं मशीन दाखवतंय १५८/९८. यावर तुमचा प्रश्न काय, तर कोणत्या कंपनीचं मशीन खरं दाखवतं? मी दोन घेऊन बसलो होतो. दोन्ही खरंच दाखवत होती, चूक माझी होती.

फिरायला जा, मीठ कमी करा हे लिहीत नाही. ते तुम्हाला चार जणांनी सांगितलंच असेल.

मी तेव्हा नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्ट ऑफिसात होतो. महिनाअखेरीला रात्री-बेरात्री फोन, गाडी कुठं अडली, माल कुठं भिजला. फोन ठेवला की छाती धडधडायची, की मी मशीन काढायचो. पलंगावर पाय लोंबकळत, मनगट मांडीवर, तोंडातला खर्रा, म्हणजे आपला सुपारी-तंबाखूचा घोटा, नुकताच थुंकलेला. १५०. घाबरून पुन्हा, तर १६२. एका दिवसात चौदा आकडे लिहिलेली डायरी अजून घरात आहे. बायको म्हणायची, "अहो, बीपी मोजून राहिले की सट्टा लावून राहिले?"

आणि मग मी तो शहाणपणा केला. बाबांची बीपीची गोळी घरात होतीच. म्हटलं, त्यांना चालते तर मला काऊन नाही चालणार? सुरू केली रोज एक, कोणाला न विचारता. महिना मे, नागपूरचा. दिवसभर गोडाऊनमध्ये घाम, पाणी कमी. नवव्या रात्री लघवीला उठलो, दोन पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी. बेसिनवर आपटलो. हनुवटीला पाच टाके, समोरचा दात अर्धा, डोक्याचा सीटी स्कॅन, दोन दिवस भरती. घामानं अंगातलं पाणी गेलेलं, वरून बीपी उतरवणारी गोळी, त्यात झटकन उभं राहणं. असं झालं की मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. हे मला टाके घालून झाल्यावर समजलं.

पण दात काहीच नाही, पुढचं ऐका. कॅज्युअल्टीत विचारलं, "काही आजार?" मी ऐटीत म्हणालो, "बीपीचा पेशंट आहे, गोळी चालू आहे." ते डिस्चार्ज कार्डावर उतरलं. विमा कंपनीनं तेवढंच वाक्य पकडून क्लेम अडवला: जुना आजार लपवला. झालं सुरू. त्यांच्या काउंटरवरचा माणूस दर खेपेला एकच सांगायचा, "पहिलं निदान कोणत्या तारखेला झालं, ते डॉक्टरकडून लिहून आणा." अरे बाप्पा, निदान झालंच नव्हतं, तर तारीख कुठून आणू? "मग तसं लिहून आणा." तसं आणलं, तर म्हणे कार्डावर वेगळं आहे. सात महिने. रजा गेल्या, पेट्रोल गेलं, शेवटी मीच नाद सोडला. म्हणून दवाखान्यात तोंड उघडताना डॉक्टरनं खरंच निदान केलंय तेवढंच आजार म्हणून सांगा. मनानं घेतलेली गोळी मात्र लपवू नका, जे आहे ते तसंच सांगा.

टाके काढताना एका म्हाताऱ्या डॉक्टरनं मोजायला शिकवलं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला टेबलावर. त्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही, लघवी करून बसायचं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. असे सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टरकडे जायचं. माझी आली १२८/८२. आठव्या दिवशी मशीन कपाटात. ताणात आकडा वर जाणारच हो, अंगात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं. शांत झालं की उतरतो. मी तर तो उतरूच देत नव्हतो.

खर्ऱ्याचं बोललो की आपल्याकडे लोकांना राग येतो, तरी बोलतो. सगळे म्हणतात, टेन्शनवर खातो. मीही म्हणायचो. पण निकोटिननं नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात. पन्नी चोळताना जो निवांतपणा वाटतो, तो बराचसा तलफ भागल्याचा असतो. सोडल्यावर पहिला आठवडा मी घरात सगळ्यांवर खेकसलो, मग कमी झालं. तंबाखू सोडवायला १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे.

तीनला जाग आली तर घड्याळ बघू नका, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मी उठून खुर्चीत बसतो आणि श्वास घेतो त्यापेक्षा सोडतो सावकाश. झोप येते किंवा येत नाही, पण धडधड बसते. हे मला लागू पडलं, तुम्हाला पडेलच असं नाही. दोन-तीन आठवडे झोप अशीच तुटत राहिली तर लाज न बाळगता मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मनोविकार ओपीडीत जा, नाहीतर १४४१६ ला फोन करा. तो टेलि-मानस आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. कोणाची उसनी झोपेची गोळी तर मुळीच नको, बाबांच्या गोळीची गोष्ट वर वाचलीच.

मी डॉक्टर नाही. छातीत दुखून कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, घाम फुटला, दम लागला, तर माझं हे पुराण विसरा आणि १०८ लावा. इको नॉर्मल आला होता म्हणून घरी बसू नका.

हो, मशीनचं राहिलं. मनगटाचं नको, दंडाला पट्टा बांधायचं घ्या. पट्टा तुमच्या दंडाच्या घेराला बसतो का, ते दुकानातच बांधून बघा. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा मशीन पिशवीत घालून न्या, त्यांच्या मशीनशी तिथंच ताडून बघा.