ट्रेसराउटचे निकाल स्क्रिप्टने साठवताना काय काय ठेवावं?

तुमची स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या राउटरांमधून जातं ते दाखवणारी आज्ञा) चालवते, हॉप (वाटेतला एकेक राउटर) आणि सरासरी वेळ सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यात) लिहिते आणि बाकीचं टाकून देते, असं तुम्ही लिहिलंय. ते टाकणं आजच थांबवा. मूळ आउटपुट जसंच्या तसं ठेवा. सीएसव्ही त्यातून कधीही काढता येते, पण सीएसव्हीतून मूळ आउटपुट परत मिळत नाही. मजकूर फार जागा खात नाही, दिवसाअखेर जीझिपने दाबून ठेवला की आणखी कमी.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. 'दर वेळी मार्ग बदललेला दिसतो' असं तुम्ही म्हणता, पण मार्ग खरंच बदलत असेल असं बहुधा नसावं. लिनक्सवरचा साधा ट्रेसराउट प्रत्येक यूडीपी पॅकेटला पोर्ट क्रमांक एकेकाने वाढवतो. वाटेतले बरेच लोड बॅलन्सर (रहदारी अनेक मार्गांवर वाटणारे राउटर) पोर्टही पाहून पॅकेट कुठल्या फाट्याने पाठवायचं ते ठरवतात. मग तिसरा हॉप एका फाट्यावरचा, चौथा दुसऱ्यावरचा, आणि तुमच्या फाइलमध्ये प्रत्यक्षात नसलेला जोड उमटतो. 2006 साली आलेल्या पॅरिस ट्रेसराउटने पॅकेटच्या हेडरमधली पोर्टसारखी फील्ड स्थिर ठेवून हे सोडवलं. स्कॅम्पर हे टूल तीच पद्धत वापरतं आणि निकाल जेसन या प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपातही देतं. सॅन डिएगोच्या कायडा या इंटरनेट-संशोधन संस्थेची आर्क ही जगभरची मोजणी स्कॅम्परवरच चालते. मी तुमच्या जागी असतो तर आधी हे बदललं असतं.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. राइप ॲटलस या जगभरच्या इंटरनेट-मोजणी जाळ्याचे निकालही यूटीसीतच असतात, त्यामुळे ताडून बघताना साडेपाच तासांचा घोळ होत नाही.

आयपी पत्ता कुठल्या एएसचा (म्हणजे कुठल्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या नेटवर्कचा), हे नंतरही शोधता येतं. राउटव्ह्यूज या प्रकल्पाकडे जुनी राउटिंग टेबलं जपलेली आहेत. राउटरच्या डीएनएस नावांची मात्र तशी खात्री नाही. मोजणी नावांशिवाय करा, म्हणजे ती रखडणार नाही, आणि नावं त्याच दिवशी वेगळ्या स्क्रिप्टने काढून ठेवा.

मधल्याच एखाद्या हॉपवर स्टार (*, म्हणजे उत्तर आलं नाही) दिसला आणि पुढचे हॉप नीट उत्तर देत असतील, तर त्याला पॅकेट लॉस (पॅकेट वाटेत हरवणं) म्हणू नका. बरेच राउटर ट्रेसराउटला लागणारी आयसीएमपी उत्तरं मोजून-मापूनच देतात. तरी तो स्टार फाइलमध्ये राहू द्या.

क्रॉनमधली (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीतली) आज्ञा एफलॉकने (एका वेळी एकच फेरी चालू देणाऱ्या कुलपाने) गुंडाळा, नाहीतर लांबलेल्या फेरीवर पुढची फेरी चढते आणि दोघींच्या ओळी एकाच फाइलमध्ये मिसळतात.