पंटरचं करिअर: सामन्यात चार-पाच लाथा, आणि त्यावर वीस वर्षं?

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकन फुटबॉलमध्ये पंटर सामन्यात चार-पाच वेळा मैदानात येतो, चेंडूला लाथ मारतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. एवढ्याशा कामाचं करिअर कसं काय होतं?’

होतं, आणि कधीकधी बाकीच्या खेळाडूंपेक्षा कितीतरी लांब होतं. जेफ फीगल्स या पंटरला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, एकाही संघाने घेतलं नव्हतं. तरी १९८८ पासून २००९ पर्यंत तो २२ मोसम खेळला, सलग ३५२ सामने, एकही न चुकवता. चाळिशी ओलांडल्यावर तो न्यूयॉर्क जायंट्सकडून सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला. चेंडू घेऊन पळणारे भलेभले धावपटू तिशी आली की थकतात, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं मोल कळतं.

मी अमेरिकेत राहतो आणि रविवारचे सामने सहसा चुकवत नाही. पंटची, म्हणजे या लाथेची वेळ आली की घरातली मंडळी खायला आणायला उठतात. मला मात्र सामन्यातला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कामाबद्दल. दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथी सहसा कुणी जोखमीत घालत नाही, कारण तीही फसली तर प्रतिस्पर्ध्याला तिथेच, जवळच्या जागी चेंडू मिळतो. त्यापेक्षा चेंडू लांब उडवून द्यायचा आणि त्यांना मागून सुरुवात करायला लावायची. पंटर सुमारे १५ यार्ड मागे उभा असतो. पुढचा खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, तो पाऊण सेकंदात हातात येतो. तिथून पुढे चेंडू हातात नीट बसवणं, दोन पावलं, चेंडू सोडणं, लाथ. सगळं मिळून दोन सेकंदांच्या आसपास, कारण समोरून अंगावर माणसं धावत येत असतात.

यातला खरा अवघड भाग लाथेचा नाही, हाताचा आहे. चेंडू दोन्हीकडून टोकदार. हातातून सुटताना टोक किंचित जरी कललं तरी पायावर चुकीच्या जागी बसतो आणि भलतीकडेच जातो. म्हणून पंटर लाथ न मारता नुसता चेंडू सोडण्याचा सराव तासन् तास करतात.

आणि नुसतं लांब मारून भागत नाही. साठ यार्ड गेलेला पण खाली राहिलेला चेंडू झेलणाऱ्याला मोकळं रान मिळवून देतो. तो तीस यार्ड पळत परत आला की कमाई निम्मी झाली. उलट ४५ यार्डच गेलेला पण साडेचार-पाच सेकंद हवेत राहिलेला चेंडू घ्या. तोवर आपले गडी खाली पोहोचलेले असतात. उंच उडालेल्या झेलाखाली उभ्या क्षेत्ररक्षकाची अवस्था आठवा, आणि त्याच्या अंगावर दोन धिप्पाड माणसं वेगाने येताहेत अशी कल्पना करा. बहुतेक जण हात वर करून मुकाट झेल घेतात आणि पळायचा हक्क सोडून देतात.

हे उंचीचं महत्त्व साऱ्या लीगला पटवून दिलं ते रे गायने. ओकलंड रेडर्सने १९७३ मध्ये त्याला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलं. निव्वळ पंटर म्हणून पहिल्या फेरीत निवडला गेलेला तो पहिलाच. न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये छताखाली टांगलेल्या पडद्याला त्याचा चेंडू लागला होता. चेंडूत हेलियम तर भरला नाही ना, अशी शंकाही प्रतिस्पर्ध्यांनी घेतली! १९८४ च्या सुपर बोलमध्ये चेंडू डोक्यावरून जात असताना त्याने उडी मारून एका हाताने तो पकडला आणि तशातही पंट मारला. तो क्षण जरूर शोधून बघा. चौदा मोसम, तीन सुपर बोल.

एवढं करूनही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याला जागा मिळाली ती २०१४ मध्ये, म्हणजे शेवटच्या मोसमानंतर २८ वर्षांनी. पंटर हा पूर्ण खेळाडू नव्हे, असं मानणारे लोक होतेच. दरम्यान दिवाळखोरीमुळे २०११ मध्ये त्याला सुपर बोलच्या तिन्ही अंगठ्या विकाव्या लागल्या. मला हे आजही अन्यायाचंच वाटतं.

या क्षेत्रात येण्याची एक वाट ऑस्ट्रेलियातून येते. तिथल्या फुटबॉलमध्ये धावता धावता लाथ मारण्याची सवय लहानपणापासून असते. डॅरेन बेनेट तिथे खेळून १९९५ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सकडे पंटर झाला आणि चेंडू उलटा फिरवत मारायची तिथली पद्धत त्याने इथे रुजवली. तसा चेंडू टप्पा पडल्यावर गोलरेषेपलीकडे पळत नाही, मागे वळतो. साव्ह रोका तर वयाच्या ३३ व्या वर्षी फिलाडेल्फियाकडून पहिला सामना खेळला.

पण नोकरी म्हणून बघाल तर भारी अस्थिर. ३२ संघ, प्रत्येकाचा एकच पंटर, म्हणजे जागा जेमतेम ३२. दोन रविवार खराब गेले की संघ दुसऱ्यांना चाचणीला बोलावतो. त्यामुळे पंटर आणखी एक काम अंगावर घेतो. किकर गोलपोस्टमध्ये चेंडू मारतो तेव्हा तो जमिनीवर टेकवून धरायचं. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही.

ते किती महत्त्वाचं, ते डिसेंबर २०२३ मध्ये नॅशव्हिलला दिसलं. टेनेसी टायटन्सचा रायन स्टोनहाऊस. आदल्याच वर्षी नवखा असताना त्याने सरासरी ५३.१ यार्ड मारून सॅमी बॉचा १९४० पासूनचा विक्रम मोडला होता. इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध त्याचे दोन पंट अडवले गेले. पहिल्यावर कोल्ट्सने चेंडू गोलरेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केलं, दुसऱ्या वेळी त्याच्या पायाला गंभीर दुखापत होऊन त्याचा मोसमच संपला. किकरसाठी चेंडू धरायला मग राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे एरवी चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, आला. टायटन्सनी टचडाउन करून २५-२५ अशी बरोबरी साधली, पण त्यानंतरचा हमखास मिळणारा एक गुण किकरने घालवला. सामना जादा वेळेत गेला आणि टायटन्स २८-३१ असे हरले. दुसऱ्या दिवशी किकिंगच्या तुकड्यांच्या प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आलं. स्टोनहाऊस पुढच्या मोसमात बरा होऊन परत आला.