जुन्या वस्तू स्वस्तात घेऊन नफ्यात विकायच्या असतील तर चांगला माल नेमका कुठे मिळतो?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून जुन्या वस्तूंचं घेणं-विकणं करायचंय, हाताशी 20,000 रुपये आहेत, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार फिरूनही काही भारी सापडलं नाही. सापडतं हो, पण तुमच्या आधी येऊन गेलेल्याला. मंगळवार पेठेतला तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि तिथले मुरलेले घेणारे विकणारा गोणी सोडत असतानाच त्यात हात घालतात, आपण पोहे-बिहे खाऊन साडेअकराला पोचतो तोवर उरतात ते चार्जर आणि रिमोट. मुंबईच्या चोर बाजारात पण तेच, शुक्रवारी पहाटे अंधारात लोक बॅटरी मारून माल बघत असतात. म्हणजे लवकर जा, पण एकदम पहिलं गिऱ्हाईक होऊन पाडून मागू नका, भवानी व्हायची असते त्याची, तेव्हा उगाच तोंड वाकडं होतं.

मी सहा-सात वर्षं हे करतोय, आता फक्त चावीची मनगटी घड्याळं. सुरुवातीला दिसेल ते घ्यायचो. एक मिक्सर घेतला त्याची मोटर जळालेली निघाली, एक पितळी समई 'अँटिक' म्हणून घेतली आणि तांबट आळीत नेली तर तिथल्या माणसाने सरळ काट्यावर ठेवली आणि मोडीचा भाव सांगितला, जो मी दिलेल्याच्या अर्धा पण नव्हता. तेव्हा कळलं की आपल्याला कशातलंच काही कळत नाही. एकच वस्तू धरा, कुठलीही, शिलाई मशीन धरा, सुतारकामाची हत्यारं धरा, पण ती इतकी हाताळा की लांबून ओळखता आली पाहिजे.

आता घड्याळाचंच सांगतो. एचएमटीची घड्याळं 1961 पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने बनायला लागली, लग्नात जावयाला, रिटायर होताना साहेबांना, सगळीकडे तीच द्यायचे, त्यामुळे घराघरात एखादं पडलेलं असतं. 2016 ला सरकारने ती घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं आणि लोकांना एकदम प्रेम आलं. प्रेम आलं की नकली पण येतं. जुनी खराब तबकडी खरवडून परत रंगवतात, त्याला रिडायल म्हणतात, आणि लाल, हिरवी, भगवी अशी चकचकीत करून विकतात. भिंगातून बघायचं. ओरिजिनल छपाईच्या कडा सुरीने कापल्यासारख्या असतात, रिडायलची अक्षरं जरा फुगलेली, मिनिटांच्या रेघा कडेला कमी-जास्त, काटे बसतात त्या भोकाशी रंग साचलेला. आणि साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी काल धुतल्यासारखी दिसत असेल तर आधी शंकाच घ्या.

मला हे ज्ञान फुकट नाही मिळालं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून अकरा घड्याळांचा लॉट घेतला होता 4,000 ला, फोटो झकास, त्यातली सात रिडायल निघाली आणि एकाचं तर मशीन दुसऱ्याच कंपनीचं. परत घेतो म्हणाला, मग फोन उचलायचाच बंद झाला.

बाजार शिकायला चांगला, भाव कळायला चांगला, पण खरा माल मिळतो माणसांकडून. घर रिकामं करणारे, मुलाकडे बंगळुरूला शिफ्ट होणारे आजी-आजोबा, जुन्या इमारती रीडेव्हलपमेंटला जातात तेव्हाचे भाडेकरू, आणि या सगळ्यांच्या आधी तिथे पोचतो तो रद्दीवाला. त्याच्याशी ओळख ठेवा, घड्याळ आलं की फोन कर एवढंच सांगून ठेवायचं आणि आणलं की भंगारापेक्षा चांगला भाव द्यायचा, दोनदा दिलात की तिसऱ्यांदा तो स्वतःहून येतो. तिथे घासाघीस करायला गेलात की संपलं.

माझा सगळ्यात चांगला माल एका तालुक्याच्या गावातल्या घड्याळजी काकांकडून आला. दुकान बंद करत होते, नजर गेली होती. त्यांच्या ड्रॉवरमध्ये चाळीसेक घड्याळं, बऱ्याच घड्याळांना दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, नाव आणि काय बिघडलंय ते, 'देशमुख सर, चावी फिरते' असं. रिपेअरला टाकून लोक परत आलेच नाहीत. मी म्हटलं सगळीच देता का, तर म्हणाले चिठ्ठीवाली नाही, ती माझी नाहीत. वीस-वीस वर्षं झाली होती काहींना! त्यांची स्वतःची म्हणून चौदा दिली, 4,500 ला. त्यातली दोन पार्ट्ससाठी मोडली, बाराचं सर्व्हिसिंग 250 प्रमाणे 3,000, पट्टे 1,200. पाच महिन्यांत बारा गेली, 15,600 आले, कुरिअर वगैरे वजा जाता सहा हजार सुटले. पाच महिन्यांचे सहा हजार, हे नीट वाचा, कारण व्हिडिओत लोक महिन्याला पन्नास हजार सांगतात. नोकरी सोडायचा विचार मनात असेल तर काढून टाका.

जुने मोबाईल घेण्या-विकण्याच्या नादी सुरुवातीला तरी लागू नका. लागलातच तर बिल, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी घ्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर, टाकून तपासा, चोरीचा आहे अशी शंका यायला कारण असताना घेतलात तर घेणारा पण अडकतो. जुन्या मूर्ती कोणी गुपचूप आणून दाखवल्या तर हात पण लावू नका, शंभर वर्षांच्या वरच्या असतील तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, लायसन्स नसताना तो धंदा करता येत नाही.

20,000 पैकी पहिल्यांदा पाच हजारच वापरा. एक भिंग घ्या, दोन-तीनशेला मिळतं. त्या लॉटमधली सात रिडायल मी अजून बुटाच्या खोक्यात ठेवलीयेत, विकवत नाहीत, कोणी शिकायला आलं की खऱ्याच्या शेजारी ठेवून दाखवतो. घड्याळातच उतरायचं ठरलं तर खाली कमेंट टाका, बघायला या.