बारीक रेघ छपाईत का हरवते?

प्रश्न : मुखपृष्ठासाठी जाड-बारीक रेषांत मोठा फरक असलेला इटॅलिक (तिरका) सेरिफ (रेषांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला) फॉन्ट घेतला. ६० पॉइंटचे शीर्षक देखणे आले. पण त्याच फॉन्टमधली १२ पॉइंटची उपओळ गडद रंगावर पांढरी छापली, तर अक्षरांचे तुकडे दिसतात. फॉन्ट खराब आहे का?

उत्तर : फॉन्ट खराब नाही, तो लहान आकारासाठी काढलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये दिदो आणि इटलीतल्या पार्मात बोदोनी या मुद्रक-अक्षरकारांनी जाड दांडा व केसासारखी रेघ यांतला फरक टोकाला नेला. ही अक्षरे त्याच घराण्यातली. समजा, फॉन्टच्या आकाराचे १००० भाग (एकके) केले आणि बारीक रेघ त्यातल्या २० एककांची आहे. ६० पॉइंटला ती १.२ पॉइंट भरते, १२ पॉइंटला फक्त ०.२४. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत ०.२५ पॉइंटची रेघ कशीबशी तगते. रिव्हर्समध्ये (गडद रंगावर पांढरी अक्षरे) मात्र शाई दोन्ही कडांनी आत सरकते आणि पांढरी रेघ बुजते. त्यात पार्श्वभूमी चार रंगांची असेल, तर रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणे) किंचित हलले तरी रेघ बुजायला पुरे. म्हणून रिव्हर्समध्ये रेघ किमान ०.५ पॉइंटची धरा; म्हणजे हा फॉन्ट २५ पॉइंटच्या खाली नको, आणि पार्श्वभूमी शक्यतो एकाच शाईची ठेवा.

धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराची अक्षरे वेगळी कोरत, लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवत. तीच दृष्टी ठेवून १९९१ मध्ये अक्षरकार जोनाथन हेफ्लर यांनी काढलेल्या ‘दिदो’ फॉन्टात ६ पासून ९६ पॉइंटपर्यंत सात वेगवेगळी रेखाटने आहेत. तुमच्या फॉन्टची ‘टेक्स्ट’ (लहान मजकुरासाठीची) आवृत्ती असेल, तर उपओळीला ती लावा. व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये जाडी वगैरे बदलता येणारा) असेल तर त्यातला ‘ऑप्टिकल साइझ’ (आकारानुसार रेखाटन बदलणारी सोय) १२ वर आणा. अक्षरांना बाहेरून स्ट्रोक (कडेची रेघ) देण्याचा उपाय कृपया करू नका. तो जाड दांड्यांनाही फुगवतो, रोमन ‘ए’ (a) आणि ‘इ’ (e) यांच्या पोकळ्या खातो, ज्या फरकासाठी हा फॉन्ट निवडला, तोच जातो.

प्रश्न : आमच्याकडे फक्त उभी आवृत्ती आहे. सॉफ्टवेअरने तिरकी केली तर चालेल?

उत्तर : नाही, आणि या प्रकारच्या अक्षरांत तर मुळीच नाही. उजवीकडे ढकलताना ‘ओ’ची (o) वरची डावी कड पातळ होते, वरची उजवी जाड होते. कमी फरकाच्या अक्षरांत हे खपून जाते, इथे लगेच खुपते. खरे इटॅलिक स्वतंत्र काढलेले असते : अक्षरे अरुंद, ‘ए’ (a) एकमजली (हाताने लिहितो तसा), दांड्याला येणारी-जाणारी लेखणीची रेघ, ‘एफ’चे (f) शेपूट बहुधा ओळीखाली. खरी इटॅलिक फाइल मिळेपर्यंत शीर्षक उभेच ठेवा.

प्रश्न : वेबपानावर शीर्षकातल्या शेवटच्या ‘एफ’चे टोक कापले जाते.

उत्तर : इटॅलिक ‘एफ’चा माथा स्वतःच्या रुंदीबाहेर झुकतो. चौकट बाहेरचा भाग लपवत असेल, तर तो छाटला जातो. उजवीकडे अक्षराच्या आकाराच्या ०.१५ ते ०.२ पट पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) द्या. त्याच ‘एफ’नंतर उभा कंस आला तर दोघे भिडतात, तिथे कंसही इटॅलिक घ्या, नाहीतर ४० ते ८० एककांनी कर्निंग (दोन अक्षरांमधले अंतर) हाताने वाढवा.